हाताने बनवलेला लार्ज फॉरमॅट कॅमेरा कारागिराकडून घेताना: आधी काय ठरवायचं, कसं लिहून द्यायचं, आल्यावर काय तपासायचं

एकट्याने कार्यशाळा चालवणाऱ्या कारागिराकडून लार्ज फॉरमॅट कॅमेरा (साधारण ४×५ इंच किंवा त्याहून मोठ्या सुट्या फिल्मवर फोटो काढणारा) घेणारे बहुतेक जण एकाच जागी चुकतात. लाकूड कोणतं, पितळ की काळं अॅल्युमिनियम, भाता (लेन्स आणि फिल्म यांच्यामधली घड्यांची नळी) लाल की काळा, यावर ते आठवडेच्या आठवडे घालवतात. होल्डर (फिल्म ठेवायची चपटी पेटी) कोणत्या मापाचा, लेन्सबोर्ड (लेन्स बसवायची पाटी) कोणत्या पद्धतीचा, दुधी काच (जिच्यावर फोकस बघायचा) किती खोलीवर, हे प्रश्न मात्र कॅमेरा घरी आल्यावर निघतात. तोवर कारागिराने आपल्या समजुतीप्रमाणे काम पुरं केलेलं असतं. मग लेन्स बसत नाही, होल्डर अडकतो आणि दोष कारागिराच्या माथी येतो.

कॅमेऱ्याची तीनच ठिकाणं अशी असतात जिथे तो दुसऱ्या कुणी बनवलेल्या वस्तूला भिडतो. मागे फिल्म होल्डर, पुढे लेन्स आणि खाली ट्रायपॉड. ही तीन ठिकाणं तुम्ही ठरवायची, मापांसकट लिहून द्यायची. बाकीचं जवळजवळ सगळं कारागिरावर सोडलेलं बरं. खालचे टप्पे याच विचाराने लावले आहेत. क्रम बदलू नका, कारण पुढचा प्रत्येक निर्णय मागच्यावर उभा आहे.

## टप्पा १: आधी आकार, मग लेन्स, मग होल्डर. कॅमेरा शेवटी

आकार ठरवताना फोटो कसा दिसेल एवढाच विचार करून भागत नाही. त्या फिल्मचं पुढे काय करणार, तेही ठरवा. ८×१० इंचाची फिल्म ४×५ च्या चौपट क्षेत्रफळाची असते आणि प्रत्येक शटरमागे खर्चही त्याच बेताने वाढतो. ४×५ साठी एन्लार्जर (फिल्मवरून मोठी प्रिंट काढायचं यंत्र) मिळतो. ८×१० चा मिळणं आणि घरात मावणं दोन्ही कठीण, म्हणून ती फिल्म बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट प्रिंट (फिल्म थेट कागदावर ठेवून काढलेली) किंवा स्कॅनसाठीच वापरली जाते. ५×७ चा आकार मला स्वतःला फार आवडतो, पण त्यात फिल्मचे प्रकार कमी मिळतात. मोठी फिल्म अंधारात कापून घ्यायची तयारी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आकार ठरला की पुढच्या काही वर्षांत वापरायच्या लेन्सची यादी करा. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी फोकल लेंग्थ महत्त्वाची. भाता किती मिटला पाहिजे आणि किती ताणला पाहिजे, ते यावरूनच निघतं.

हिशेब सोपा आहे. लागणारी लांबी म्हणजे फोकल लेंग्थ × (१ + मॅग्निफिकेशन). मॅग्निफिकेशन म्हणजे फिल्मवरचा आकार भागिले वस्तूचा प्रत्यक्ष आकार. ८×१० वर ३०० मिमीची लेन्स दूरच्या डोंगरावर फोकस करताना सुमारे ३०० मिमी भाता मागते. माणसाचं डोकं आणि खांदे फ्रेमभर घ्यायचे तर मॅग्निफिकेशन एक तृतीयांशाच्या आसपास जातं आणि लांबी ४०० मिमी होते. वस्तू जशीच्या तशी, प्रत्यक्ष आकारात टिपायची तर ६०० मिमी. ‘३०० ची लेन्स आहे, म्हणजे ३५० चा भाता पुरे’ असं म्हणून ऑर्डर देणाऱ्याला पोर्ट्रेट काढायला गेल्यावर कळतं की फोकसच पोचत नाही.

खालची मर्यादाही तितकीच बघा. ४×५ वर ९० मिमीची लेन्स वापरायची तर दोन्ही चौकटी (पुढची लेन्सची, मागची फिल्मची) साधारण ८० मिमीपर्यंत जवळ आल्या पाहिजेत, आणि तेवढ्या जवळ आल्यावरही पुढची चौकट वर उचलता आली पाहिजे. भाता इतका दाबला गेला की हलतच नाही, तर ती लेन्स नुसती बसते, कामाची राहत नाही. फार लहान फोकल लेंग्थ वापरणार असाल तर मऊ, पिशवीसारखा वेगळा भाता मिळतो का ते आत्ताच विचारा. टेलिफोटो रचनेच्या लेन्सना मात्र त्यांच्या फोकल लेंग्थपेक्षा कमी भाता लागतो.

तपासा: सगळ्यात जड लेन्स शटर आणि बोर्डासकट तराजूवर ठेवा आणि आकडा लिहून ठेवा. पुढच्या टप्प्यांत तो लागणार आहे.

## टप्पा २: भिडणारी तीन ठिकाणं

### मागची बाजू आणि होल्डर

४×५ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांचे चांगले होल्डर एकमेकांच्या जागी चालतात, कारण त्यांची मापं प्रमाणित आहेत. होल्डरच्या तोंडापासून फिल्म टेकते त्या तळापर्यंतची खोली ०.१९७ इंच, म्हणजे ५ मिमी धरलेली असते. फिल्मची जाडी साधारण ०.१८ मिमी. म्हणजे दुधी काचेची खरबरीत बाजू सुमारे ४.८२ मिमी खोलीवर हवी. ४×५ घेणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा, शेवटच्या टप्प्यांत तो पुन्हा येईल.

५×७ इंच आणि १३×१८ सेंटिमीटर हे आकार बघायला जुळे वाटतात, तसेच ४×५ इंच आणि ९×१२ सेंटिमीटर. पण एकाची फिल्म दुसऱ्याच्या होल्डरात नीट बसत नाही. ऑर्डर देताना ‘५×७’ एवढंच न म्हणता ‘५×७ इंच’ असं लिहा.

मागची बाजू दोन प्रकारची असते. एकीत दुधी काच स्प्रिंगवर असते आणि होल्डर तिच्याखाली सरकवायचा असतो. दुसरी ग्राफलॉक पद्धतीची: तिच्यातली काच काढून रोल फिल्मचं मॅगझिन सरकत्या पट्ट्यांनी पक्कं करता येतं. फक्त सुट्या फिल्मवर काम करणार असाल तर पहिला प्रकार साधा, हलका आणि बिघडायला जागा कमी. दोन्ही हवंसं वाटतं म्हणून दुसरा मागू नका, गरज असेल तरच मागा.

११×१४ किंवा त्याहून मोठ्या आकारात होल्डरांच्या मापांचा भरवसा धरू नका. त्या आकारात एकच रीत बरी: आधी होल्डर विकत घ्या, त्यातला एक कारागिराकडे पाठवा आणि त्यावरून मागची बाजू बनवून घ्या. जुन्या लाकडी होल्डरांबाबतही हेच. त्यांच्या टोकाची उंचावलेली पट्टी, जी कॅमेऱ्याच्या खाचेत बसून प्रकाश अडवते, ती प्रत्येक होल्डरला एकाच अंतरावर असेलच असं नाही.

### लेन्सबोर्ड

इथे माझं मत ठाम आहे. कारागिराने स्वतः काढलेल्या सुंदर लाकडी बोर्डाच्या मोहात पडू नका. ४×५ आणि हलक्या ५×७ साठी लिनहॉफ टेक्निका पद्धतीचा, ९६×९९ मिमीचा बोर्ड मागा. तो कुठेही मिळतो आणि उद्या कॅमेरा बदलला तरी सगळ्या लेन्स तशाच चालतात. ८×१० वर जड लेन्स लावायच्या असतील तर सिनारचा १४० मिमीचा चौरस किंवा डिअरडॉर्फचा ६ इंची बोर्ड घ्या आणि लहान लेन्ससाठी त्यावर बसणारा अडॅप्टर घ्या.

बोर्डाला भोक पाडून हवं असेल तर शटरचा क्रमांक सांगा. कोपाल कंपनीच्या शटरांत ० साठी साधारण ३५ मिमी, १ साठी ४२ आणि ३ साठी ६५ मिमी. जुन्या पितळी लेन्सना मात्र क्रमांकाचा उपयोग नाही. तिथे फ्लॅंज (लेन्स बोर्डाला जोडणारं कडं) मोजावी लागते.

इशारा: लेन्सच्या मागच्या भागाचा व्यास मोजा. बोर्ड बसला तरी मागची काच पुढच्या चौकटीच्या तोंडातून आत गेली पाहिजे. मोठ्या लेन्स हमखास अडतात त्या इथेच.

### ट्रायपॉड

कॅमेऱ्याच्या बुडाला धातूची पट्टी हवी आणि आटे त्या पट्टीतच हवेत, लाकडात कापलेले नकोत. ३/८ इंची आटे मागा, जोडीला १/४ इंची असले तर उत्तम. ८×१० असेल तर पट्टी रुंद हवी. बारक्या पट्टीवर बसवलेला मोठा कॅमेरा डार्क स्लाईड (होल्डरमधल्या फिल्मवरचं सरकतं झाकण) ओढताना फिरतो, आणि फ्रेम हलल्याचं फिल्म धुतल्यावरच कळतं.

## टप्पा ३: कारागिराची पारख

संकेतस्थळावरचे मिटलेल्या, चकचकीत कॅमेऱ्याचे फोटो बघून काही ठरत नाही. कारागिराला लिहा आणि पूर्ण ताणलेल्या कॅमेऱ्याचा छोटा व्हिडिओ मागा, तुमच्या सगळ्यात जड लेन्सएवढं वजन पुढे लावून. त्यात पुढच्या चौकटीवर बोटाने टिचकी मारायला सांगा. थरथर लगेच थांबली तर ठीक. कॅमेरा डोलत राहिला तर तो तुमच्या लेन्ससाठी नाही, मग तो कितीही देखणा असो. चांगल्या कारागिराला अशी मागणी खटकत नाही. बहुतेकांना ती आवडते, कारण समोरचा माणूस काम करणारा आहे हे त्यातून कळतं.

मग हे विचारा:

- भाता तुम्ही स्वतः बनवता की बाहेरून घेता? बाहेरून घेतला तर काही बिघडत नाही, पण उद्या बदलायचा झाला तर कुठे जायचं हे माहीत हवं.
- भात्याचं कापड कोणतं? चामडं दिसतं छान, पण वर्षांनी घड्यांच्या कोपऱ्यांवर सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. रबराचा थर दिलेलं कृत्रिम कापड जास्त टिकतं आणि हलकंही असतं.
- लाकूड कसं कापलेलं आहे? लाकूड दमट हवेत रेषांना आडवं फुगतं. क्वार्टर-सॉन (खोडातल्या वार्षिक कड्यांना काटकोनात कापलेली) फळी कमी वाकते. लाकडाच्या खाचेत लाकूडच सरकत असेल तर पावसाळी हवेत ते अडकणार का, हे सरळ विचारा.
- एका वेळी किती कॅमेरे हातात घेता, आणि माझा कोणत्या खेपेत येईल?

आधीच्या ग्राहकांशी बोला. ‘कॅमेरा कसा आहे?’ या प्रश्नाला सगळे ‘छान’ म्हणतात. त्याऐवजी ‘पहिल्यांदा काय बिघडलं आणि कारागिराने काय केलं?’ असं विचारा. उत्तरात नेमका दोष आणि नेमका उपाय आला तर तो माणूस भरवशाचा. पत्रांना उत्तर द्यायला वेळ लागणं ही मोठी तक्रार नव्हे. एकटा माणूस यंत्रावर उभा असतो. पण बोललेली तारीख उलटल्यावर आपणहून कळवण्याची सवय नसेल तर मी तिथे पैसे गुंतवणार नाही.

एका माणसाची कार्यशाळा कधी ना कधी बंद होते. जपानच्या एबोनीसारख्या नावाजलेल्या कॅमेऱ्याचं उत्पादनही २०१६ मध्ये थांबलं. म्हणून ऑर्डरसोबतच एक जादा दुधी काच, मागच्या बाजूच्या स्प्रिंगचा एक संच आणि फिरक्या घेऊन ठेवा. स्क्रू बाजारात मिळणाऱ्या मापाचे आहेत ना, तेही विचारा.

## टप्पा ४: लिहून द्यायचा कागद

तोंडी बोलणं, फोनवरचं बोलणं, सुट्या निरोपांतलं बोलणं, सगळं शेवटी एका पानावर उतरवा. ते पाठवा आणि ‘हे बरोबर आहे’ असं लेखी उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नका. नमुना असा:

> आकार: ४×५ इंच. मागची बाजू उभी-आडवी काढून बसवता येणारी, स्प्रिंगची. प्रमाणित ४×५ होल्डर.
> दुधी काचेची खरबरीत बाजू: होल्डर टेकतो त्या पातळीपासून ४.८२ मिमी. फ्रेनेल नको.
> लेन्सबोर्ड: टेक्निका पद्धतीचा, ९६×९९ मिमी.
> भाता: कमीत कमी ८० मिमी, जास्तीत जास्त ३०० मिमी. कृत्रिम कापड, काळा.
> लेन्स: ९०, १५० आणि २१० मिमी. सगळ्यात जड लेन्स बोर्डासकट ६०० ग्रॅम.
> पुढची चौकट: राईज ४० मिमी, टिल्ट, स्विंग. मागची चौकट: टिल्ट.
> ट्रायपॉड: धातूच्या पट्टीत ३/८ आणि १/४ इंची आटे.
> सोबत: एक जादा दुधी काच, स्प्रिंगचा एक संच.

हालचालींबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे लोक हावरटपणा करतात. राईज म्हणजे चौकट वर उचलणं, शिफ्ट म्हणजे बाजूला सरकवणं, टिल्ट म्हणजे पुढे-मागे झुकवणं आणि स्विंग म्हणजे डावी-उजवीकडे वळवणं. राईज किती हवा हे लेन्सच्या इमेज सर्कलवर (लेन्स फिल्मच्या जागी टाकते त्या प्रकाशाच्या वर्तुळावर) ठरतं. ४×५ ची प्रत्यक्ष चित्रचौकट साधारण ९५×१२० मिमीची, म्हणजे कर्ण सुमारे १५३ मिमी. १५० मिमीच्या लेन्सचं सर्कल २१० मिमी असेल तर आडव्या फ्रेममध्ये राईज फार तर ३८ मिमीपर्यंत मिळतो, त्यापुढे कोपरे काळे पडतात. तिथे ८० मिमीची मागणी करणं म्हणजे जास्तीची लांबी, जास्तीचं वजन आणि जास्तीची थरथर विकत घेणं. प्रत्येक सरकता सांधा कॅमेऱ्याला थोडा सैल करतो. निसर्गदृश्य काढणाऱ्याला पुढचा राईज आणि टिल्ट लागतो. इमारतींसाठी राईज आणि शिफ्ट. मागच्या चौकटीला सगळ्या हालचाली हव्यात असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्या वापरणारे थोडेच.

फ्रेनेलचा (दुधी काचेवरचं चित्र उजळ करणाऱ्या, खाचा असलेल्या पातळ पत्र्यासारख्या भिंगाचा) उल्लेख नमुन्यात मुद्दाम केला आहे. फ्रेनेल ही कॅमेऱ्याची लेन्स आणि दुधी काच यांच्यामध्ये बसवली तर फोकसची जागा तिच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांशाने सरकते. कारागिराने तो फरक धरून खोली ठरवली असेल तर काही अडचण नाही. नंतर तुम्ही ती काढलीत किंवा स्वतः घातलीत तर प्रत्येक फोटो किंचित बाहेर जाईल. स्वतः लावायचीच असेल तर काचेच्या मागे, डोळ्याच्या बाजूला लावा.

दुसऱ्या देशातून मागवत असाल तर लाकडाची जातही लिहून घ्या. शिसवाचा डाल्बर्जिया हा अख्खा वंश २०१७ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहे. सीमेवर कागद मागितले गेले तर धावपळ होते. अक्रोड, चेरी, मेपल यांत ही कटकट नाही.

इशारा: कागदावर होकार आला की बदल बंद. काम सुरू झाल्यावरचा ‘एवढं एक छोटंसं’ हा कारागिरासाठी बहुतेक वेळा नवा साचा आणि नवं गणित असतं. उशीर होतो आणि चुका शिरतात त्या याच फटीतून.

## टप्पा ५: पैसे

इसार द्यायचा तो साहित्य येईल एवढाच. उरलेली रक्कम कॅमेरा पुरा झाल्यावर, त्याच कॅमेऱ्याचे फोटो बघून द्यायची. फोटोंत चार गोष्टी मागा: पूर्ण ताणलेला भाता, पूर्ण मिटलेली स्थिती, मागच्या बाजूत बसलेला होल्डर आणि बोर्ड बसवलेली पुढची चौकट.

लेखी विचारा: काम सोडावं लागलं तर इसार परत मिळतो का? उशिराची कमाल मर्यादा किती? वाटेत मोडतोड झाली तर जबाबदारी कुणाची? सीमाशुल्क कुणी भरायचं?

ऑनलाइन पैसे भरताना एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटते. खरेदीदाराला मिळणारं संरक्षण मुदतीचं असतं. पेपालमध्ये तक्रार नोंदवायची मुदत पैसे भरल्यापासून १८० दिवसांची आहे. हाताने बनणारा कॅमेरा यायला त्याहून जास्त वेळ सहज लागतो. म्हणून आधीच सगळी रक्कम भरून टाकली तर कॅमेरा येईपर्यंत ते संरक्षण संपलेलं असतं. आणि मित्र-नातेवाइकांना पैसे पाठवायच्या पर्यायाने तर कधीच पाठवू नका, त्यात खरेदीचं संरक्षण मुळातच नाही.

पार्सलवर खरी किंमत लिहायला सांगा. शुल्क वाचवायला कमी किंमत लिहिली आणि पेटी वाटेत फुटली, तर विमाही त्या कमी किमतीचाच मिळतो. सीमाशुल्काच्या वर्गवारीत फोटोग्राफीचे कॅमेरे ९००६ या शीर्षकाखाली येतात. कागदावर ‘लाकडी शोभेची वस्तू’ असं काही लिहिलं जाणार नाही हे बघा.

## टप्पा ६: वाट बघण्याचा काळ

या काळात होल्डर गोळा करा, स्वच्छ करा, प्रत्येकाला क्रमांक घाला. वाया गेलेल्या फिल्मवर अंधारात लोडिंगचा सराव करा. चांगली लुप (दुधी काचेवर टेकवून बघायचं भिंग) आणि मागच्या बाजूवर पुरेल असं काळं कापड घ्या. कारागिराला मध्येमध्ये टोचू नका. आधी ठरलेल्या टप्प्यांवर एकेक निरोप पुरे.

## टप्पा ७: पेटी उघडताना

पेटी उघडण्यापूर्वी तिचे सहाही बाजूंनी फोटो काढा आणि उघडताना व्हिडिओ सुरू ठेवा. पेटी, आतला फोम, पट्ट्या, काहीही टाकू नका. कॅमेरा परत पाठवायची वेळ आली तर याच पेटीतून सुखरूप जातो.

कॅमेरा बाहेर काढून एक-दोन दिवस खोलीत नुसता राहू द्या. लांबून आलेलं लाकूड नव्या हवेशी जुळायला वेळ घेतं. पहिल्याच दिवशी घट्ट वाटलेली खाच कधीकधी आपोआप मोकळी होते. तिला ताकद लावली तर मात्र कडा कायमची दबते.

इशारा: पहिल्यांदा उघडताना आणि मिटताना प्रत्येक फिरकी सैल आहे का, हालचाली शून्यावर आहेत का, हे बघितल्याशिवाय जोर लावू नका. नव्या कॅमेऱ्याची बिजागरी बहुतेक वेळा अशीच वाकते.

## टप्पा ८: चाचण्या, याच क्रमाने

परतीची मुदत किती आहे ते बघा आणि सगळ्या चाचण्या तिच्या आत उरका. बाहेर फोटो काढायला न्यायची घाई मोठी असते, मला ठाऊक आहे. तरी आधी हे.

पहिली, हाताची. सगळ्यात जड लेन्स लावा, कॅमेरा खाली झुकवा आणि फोकसची फिरकी बंद करा. काही वेळाने लेन्स आपसूक पुढे सरकली असेल तर ब्रेक कमजोर आहे. सगळ्या फिरक्या आवळून पुढची चौकट धरून हलवा. आवळल्यावर खेळ राहता कामा नये. फिरकी मोकळी असताना थोडा खेळ असणं स्वाभाविक आहे, त्यावरून तक्रार करू नका.

दुसरी, प्रकाशाची. रात्री खोली पूर्ण काळोखी करा. लेन्सवर टोपी लावा, कॅमेऱ्यात गरम न होणारा एलईडी दिवा ठेवा, मागून जाड काळ्या कापडाने बंद करा आणि भाता पूर्ण ताणा. दहा मिनिटं नुसतं बसून राहा. डोळे काळोखाला सरावल्याशिवाय बारीक छिद्रं दिसत नाहीत. मग घडी-घडीचे कोपरे, भाता चौकटीला चिकटवलेल्या कडा आणि बोर्डाच्या भोवतीची रेघ बघा.

मागची बाजू मात्र फिल्मनेच तपासावी लागते. होल्डर बसवा, लेन्स बंद ठेवा, डार्क स्लाईड काढा आणि कॅमेऱ्याच्या चारही बाजूंना ऊन लागेल असा काही मिनिटं फिरवा. स्लाईड घाला, फिल्म धुवा. काळी रेघ उठली तर लगेच कॅमेऱ्याला दोष देऊ नका. दुसऱ्या होल्डरने तेच पुन्हा करा. दोन्हींवर त्याच जागी रेघ असेल तर कॅमेरा गळतो. एकाच होल्डरवर, स्लाईड घालण्याच्या फटीच्या बाजूला असेल तर त्या होल्डरचं मखमली अस्तर गेलं आहे. फोटोचा कागद स्वस्त पडतो म्हणून काही जण त्यावर चाचणी घेतात. पण कागदाची संवेदनशीलता सहा आयएसओच्या आसपास असते. कागद कोरा निघाला म्हणजे ४०० आयएसओची फिल्मही कोरी निघेल असं नाही.

तिसरी, समांतरपणाची. सगळ्या हालचाली शून्यावर आणा. दोन्ही चौकटींमधलं अंतर चारही कोपऱ्यांत पट्टीने मोजा. मग भिंतीवर छापील कागद चिकटवून कॅमेरा तिच्यासमोर अगदी सरळ लावा, लेन्स पूर्ण उघडा आणि लुपने मधली अक्षरं फोकस करा. चारही कोपऱ्यांतली अक्षरं सारखीच स्पष्ट किंवा सारखीच मऊ हवीत. डावी बाजू तीक्ष्ण आणि उजवी मऊ असेल तर आधी कॅमेरा भिंतीला खरंच समोर आहे का ते पुन्हा बघा. शून्याची खूण चुकीच्या जागी असणं हा लहान दोष आहे, आणि दुरुस्त होणाराही.

चौथी, दुधी काचेच्या खोलीची. सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. काचेची चौकट सोडवून काढा आणि लेन्सकडची बाजू वर करून टेबलावर ठेवा. चौकट कॅमेऱ्याला टेकते त्या कडांवर एक सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवा. पट्टीच्या वरच्या कडेपासून काचेपर्यंत व्हर्नियर कॅलिपरच्या दांडीने खोली मोजा आणि पट्टीची उंची वजा करा. एकदा मध्ये, चार वेळा कोपऱ्यांत. दांडी काचेवर दाबू नका, नुसती टेकवा. आता होल्डरमध्ये वाया गेलेली फिल्म घाला, स्लाईड काढा आणि त्याच पट्टीने, त्याच हाताने फिल्मपर्यंतची खोली मोजा. फिल्म मध्ये किंचित फुगते, म्हणून तिथला आकडा कोपऱ्यांपेक्षा थोडा वेगळा येईल. दोन्हींतला फरक ०.२ मिमीच्या आत असेल तर निश्चिंत राहा. एकाच होल्डरवर विसंबू नका, तीन-चार मोजा. काच सगळ्यांपेक्षा खोल किंवा उथळ असेल तर काचेत दोष आहे. होल्डरच एकमेकांशी जुळत नसतील तर कारागिराला लिहिण्याआधी होल्डर बदला.

पाचवी, फिल्मवर फोकसची. टेबलावर पुस्तकांची एक तिरकी रांग उभी करा, प्रत्येक पुस्तक आधीच्यापेक्षा थोडं मागे. जवळून, लेन्स पूर्ण उघडी ठेवून, मधल्या पुस्तकाच्या कण्यावरच्या अक्षरांवर फोकस करा आणि फोटो काढा. फिल्मवर मधलंच पुस्तक सगळ्यात तीक्ष्ण आलं तर कॅमेरा पास. पुढचं किंवा मागचं आलं तर चौथ्या चाचणीतले आकडे पुन्हा बघा. इथे कागद वापरू नका. कागद फिल्मपेक्षा जाड असतो, तो फोकसची पातळीच बदलतो.

शेवटी भाता बघा. पूर्ण ताणून, पुढची चौकट उचलून, दुधी काचेच्या कापलेल्या कोपऱ्यांतून लेन्सकडे पाहा. चारही कोपऱ्यांतून लेन्सचं तोंड दिसलं पाहिजे. एखादी घडी आड येत असेल तर भाता मध्ये लोंबतो आहे. लांब भात्याला मध्ये आधाराची पट्टी किंवा हुक लागतो. बहुतेक कारागीर तो मागितल्यावर पाठवतात.

## टप्पा ९: दोष कसा कळवायचा

‘फोकस नीट येत नाही’ या वाक्यावर कारागीर काहीच करू शकत नाही. असं लिहा: ‘काचेची खोली चार कोपऱ्यांत ५.१०, ५.१२, ५.०८, ५.११ मिमी. तीन होल्डरांत फिल्मपर्यंत सरासरी ४.८१ मिमी. पुस्तकांच्या चाचणीत मधल्याऐवजी शेजारचं पुस्तक तीक्ष्ण आलं. फोटो आणि फिल्मचं स्कॅन जोडलं आहे.’ हे वाचून त्यांना लगेच कळतं की काच खोल बसली आहे, आणि ते नवी चौकट पाठवायची की पेटी परत मागवायची ते ठरवू शकतात.

त्यांचं उत्तर येण्याआधी काहीही घासू नका, कागदाच्या पट्ट्या घालून खोली बदलू नका, भात्याला रंग लावू नका. तुमचा हात एकदा लागला की मूळ दोष कोणता आणि तुमचा कोणता हे सांगता येत नाही आणि हमीचा प्रश्न उभा राहतो. ढिला स्क्रू, सुटलेली काळी पट्टी असल्या बारीक गोष्टी मात्र त्यांना विचारून घरीच करा. त्यासाठी कॅमेरा परत पाठवणं म्हणजे वाटेतला धोका विनाकारण ओढवून घेणं.

पाचही चाचण्यांचे आकडे तारखेसह एका कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवा. एक पावसाळा आणि एक कोरडा ऋतू गेल्यावर सगळे स्क्रू हलक्या हाताने आवळून काचेची खोली आणि समांतरपणा पुन्हा मोजा. लाकूड बसलं असेल तर फरक याच दोन आकड्यांत दिसेल, आणि कारागिराला कळवताना जुना-नवा असे दोन्ही आकडे हाताशी असतील.